माहूरची सहल, माडीवरची खोली

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुमाला कुणी हसून चहा दिला तरी तुमी आधी कपाचा कान बघता. बघतो. आमच्या वडिलांच्या काळात हॉटेलाबाहेर आमच्यासाठी वेगळे कप खिळ्याला टांगलेले असायचे, कान तुटलेले. वडील त्यातून चहा प्यायचे आणि मी त्यांच्या धोतराला धरून उभा असायचो. तेव्हापासून कपाचा कान बघायची सवय लागली ती लागलीच. कुणाला राग येत असेल तर येऊ द्या.

ही गोष्ट लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं तेव्हाची. ऑफिस नवं. उस्मानाबादहून फायलींची गाठोडी ट्रकनं येत होती आणि खुर्च्या यायच्या आधी माणसं येऊन बसली होती, म्हणजे उभी राहिली होती. मी तिथं कारकून लागलो. जिल्हा झाला म्हणून सगळा मुलूख लातुरात राहायला आलेला, त्यामुळं खोली मिळायची मारामार. त्यात माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. अशा आडनावाला माणूस अडतो. मग विचारतो, "म्हणजे तुमी कोण?" मी सांगायचो. मग ती खोली त्याच सकाळी दुसऱ्याला दिलेली निघायची. अशा सहा खोल्या 'त्याच सकाळी' गेल्या.

दोन वर्षं अशीच गेली, आणि वरून दुष्काळ. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आलं तर करंगळीएवढं. मी पाच जणांत एका खोलीत राहत होतो आणि पाचांत मिळून दोन बादल्या पाण्यात दिवस काढत होतो. बायकोला तिथं आणायची सोय नव्हती. ती लोह्याजवळच्या खेड्यात, तिच्या माहेरी होती, सातवा महिना चालू होता. आमचं पहिलं लेकरू त्याच घरात झालं होतं आणि दोन दिवसांत गेलं. दवाखाना लांब, गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं. सुईण म्हणाली, नशीब. मी नशीब मानत नाही. या खेपेला तिला लातूरला आणायचं, सरकारी दवाखान्याजवळ ठेवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी खोली पाहिजे होती, आणि खोलीला पाणी पाहिजे होतं.

ऑफिसात माझे दोन दोस्त होते. एक अर्धापूरचा. घरची केळीची बाग, घरची जीप, मन मोठं आणि तोंड त्याहून मोठं. त्याला सगळे केळीवाला म्हणायचे. दुसरा लातूरचाच, लिंगायत, वडिलांचं आडतीचं दुकान. पगार माझ्याएवढाच, पण त्याला सगळे शेठ म्हणायचे. दोघांनाही मी कोण ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेठ माझ्या डब्यातली भाजी खायचा, मी त्याची शेंगाची चटणी खायचो.

शेठच्या घरी माडीवर एक खोली रिकामी होती. अंगणात आड, आणि एवढ्या दुष्काळातही त्या आडाला पाणी. दवाखाना चालत दहा मिनिटांवर. शेठ आपण होऊन म्हणाला, "अप्पाला इचारतो." अप्पा म्हणजे त्याचे वडील. त्याला महिना झाला. अप्पाला विचारणं चालूच होतं. दोन वर्षांची दोस्ती, पण मी त्याच्या घरात एकदाही गेलो नव्हतो. दुकानाच्या ओट्यापर्यंत जायचो, अप्पा गादीवरून मान हलवायचे, बस्स. आता तुम्हीच सांगा, संशय यावा का नाही?

मग तीन दिवस जोडून सुट्टी आली आणि शेठनं टूम काढली, माहूरला जाऊ. डोंगर बघू, किल्ला बघू, खाऊ-पिऊ. केळीवाला लगेच तयार. मी म्हटलं, माझं डोकं ठिकाणावर नाही, तुम्ही जा. तर शेठ हट्टालाच पेटला. "तू आल्याबिगर जमतच न्हाई. आणि सोमवारी परत आलो की आमच्याकडं जेवाया यायचं. अप्पानं बोलवलंय."

दोन वर्षांत घराचा उंबरा दाखवला नाही आणि आता एकदम जेवण? मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

शनिवारी सकाळी निघालो. अहमदपूर मागं टाकून लोह्याजवळ आलो तेव्हा मी म्हटलं, दहा मिनिटं बायकोला बघून येऊ. ती दारातच बसली होती. टँकर एक दिवसाआड यायचा, त्याची वाट बघत कळश्या ओळीत लावलेल्या. तिनं चहा केला. शेठनं पिला, मी कप बघितला, त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत पिला होता. पण त्याची नजर भिंतीवर. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो, जो आमच्या सगळ्यांच्या घरात असतो. ते बघत बघत शेठ बायकोला म्हणाला, "वैनी, तुमी मटन-मच्छी लई करता का?"

बायको हसली. "या दुष्काळात डाळ मिळाली तरी बास, भाऊजी."

"आन् सोमवार धरता का? उपास?"

"न्हाई."

"धरला तर चांगलं असतंय," शेठ म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिन्यांच्या बाईला उपास धरायला सांगायला हा कोण? पण खोली अजून हातात नव्हती. मी आग गिळली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मला होती, पण तिला कुलूप लावून ठेवलं होतं.

वाटेत विष्णुपुरीला धरणाचं काम बघितलं. सिमेंटचं एवढं मोठं प्रकरण आणि गोदावरीत पाणी घोट्याएवढं. केळीवाला म्हणाला, "ताट तयार हाय, जेवण यायचं बाकी हाय." मग नांदेडात जेवायला थांबलो. ते हॉटेल केळीवाल्याच्या माहितीचं, बगारा भात आणि मटणासाठी नाव असलेलं. मी आणि केळीवाला नांदेडला आलो की तिथंच खायचो आणि शेठ शेजारी बसून डाळ-भात खायचा, कधी तक्रार नाही. त्या दिवशी मी मटण सांगायला तोंड उघडलं तर शेठनं माझा हात धरला.

"नको. तीन दिवस बंद कर."

"का?"

"सवय व्हाया पायजे."

कसली सवय? मी केळीवाल्याकडं बघितलं. तो मान खाली घालून हाडूक चोखत होता. जो माणूस जेवताना आख्ख्या हॉटेलशी बोलतो तो गप्प. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, घरात मटण शिजवायचं नाही अशी अप्पाची अट असेल. त्यात काही वावगं नाही, त्यांचं घर आहे. मी डाळ खाल्ली. पण खरी गोष्ट पुढं झाली. शेठची एक रीत होती, त्यांच्यातल्या जुन्या माणसांची असते. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्न प्रसाद आहे, त्याचा कण वाया जाऊ द्यायचा नाही. ऑफिसात आम्ही त्याला त्यावरून लई चिडवायचो. त्या दिवशी त्यानं आपलं ताट धुऊन पिलं आणि तांब्या माझ्याकडं सरकवला.

"तू पण कर."

"मी?"

"आपलं ताट आपण धुवावं, गड्या. दुष्काळ हाय. पाणी वाचतंय."

आपलं ताट आपण धुवावं. हे वाक्य माझ्या वडिलांनी ऐकलेलं, माझ्या आज्यानं ऐकलेलं. लग्नात सगळ्यात शेवटी बसायचं आणि आपलं ताट आपण धुऊन उचलायचं, दुसऱ्याचा हात त्याला लागायला नको. म्हणजे अप्पानं हीच अट घातली असणार. खोली घ्या, पण तुमच्या भांड्याला आमचा हात लागणार नाही. आणि आमचा दोस्त मला दोन दिवस आधीपासून ती सवय लावून राहिला होता! मी तांब्या उचलला नाही. उठलो आणि बाहेर जाऊन जीपला टेकून उभा राहिलो. मला रडू येईल असं वाटत होतं, राग तर होताच.

मुक्काम अर्धापूरला केळीवाल्याच्या घरी. त्याच्या आईनं मला पोटच्या पोरासारखं वाढलं, तिथं मला कुणाचा संशय आला नाही, हे नोंदवून ठेवतो. सकाळी उठून बागेकडं गेलो. विहीर आटलेली, केळी उभ्या उभ्या वाळलेल्या, पानं खाली लोंबलेली. आणि त्या वाळक्या पानांच्या पलीकडून मला दोघांचा आवाज आला.

"आत्ता सांगू नको," शेठ म्हणत होता. "माहूरला गेल्यावर सांगू. आत्ता सांगितलं तर बिथरल."

"बिथरल काय, पायी जाईल लोह्याला," केळीवाला म्हणाला. "तुला सांगतो, तू लई मोठा लोचा करून राहिला."

मी तसाच मागं फिरलो. झालं. खोली गेली. सातवी खोली. यांना सांगायची हिंमत होत नाही म्हणून मला डोंगरावर नेऊन राहिलेत. आणि मग सोमवारचं जेवण कशाला? नाही म्हणायच्या आधी खायला घालायचं, म्हणजे पाप लागत नाही, असं काहीतरी असेल. त्या क्षणी मी एसटी धरून परत गेलो असतो. पण मनाचा एक कोपरा म्हणत होता, जर अजून दहातली एक आशा असली तर? बायकोच्या कळश्या डोळ्यांसमोर आल्या. मी मुकाट जीपमध्ये बसलो.

भोकर, हिमायतनगर करत सहस्रकुंडाला गेलो, धबधबा बघायला. धबधबा नव्हता. काळा दगड होता, नुसता, आणि खाली डबक्यात हिरवं पाणी. तरी काठावर भज्यांची गाडी चालू. केळीवाल्यानं भजीवाल्याला विचारलं, "मामा, धबधबा कुठं गेला?" तो तेलात झारा फिरवत म्हणाला, "हाव की, गेलाय. येईल. तुमी भजी खा." आम्ही दगड बघत भजी खाल्ली. दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो. शेठनं भज्यांचा कागद चुरगळून खिशात ठेवला आणि माझ्या कागदात काही उरलंय का ते वाकून बघितलं. माझ्या मनात आलं, याला एकदा ढकलून द्यावं त्या डबक्यात.

किनवटकडून घाट लागला. सागाचं जंगल, पण एकाही झाडाला पान नाही. डोंगरामागं डोंगर, सगळे तांबडे, उघडे. जीप गरम झाली की थांबायचं, रेडिएटरला पाणी. दोस्ताला प्यायला पाणी कमी आणि जीपला जास्त, अशी अवस्था. माहूरला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ते दोघं पायऱ्या चढून देवळात गेले. मी बाहेर कट्ट्यावर बसलो. आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले होते, आणि मी त्यांचा मुलगा आहे. देवळांवर माझा राग नाही, पण मी आत जात नाही. दोघं परत आले. केळीवाल्यानं आणलेला तांबूल, विड्याचं पान कुटून करतात तो तिथला प्रसाद, त्यानं मला दिला नाही, त्याला माझं माहीत होतं. त्यानं दोघांच्या वाटचा एकट्यानं खाल्ला.

कट्ट्याजवळ एक फोटोवाला उभा होता, तिपाईवर कॅमेरा लावून. शेठ म्हणाला, फोटो काढू. मला मधे उभं केलं, मागं दरी. मग म्हणाला, "जरा हालू नको." खिशातून त्यानं इभूतीची वडी काढली, बोटं ओली केली आणि मला काही कळायच्या आत माझ्या कपाळावर तीन पट्टे ओढले. आडवे, पांढरे, त्याच्या स्वतःच्या कपाळावर असतात तसे.

मी त्याचा हात झटकला. वडी खाली पडून फुटली.

"काय चाललंय रे तुझं?" मी ओरडलो. चार माणसं थांबून बघायला लागली. "दोन दिवस झाले बघून राहिलो! माझ्या बायकोला उपास, मला ताट धुवायला, आणि आता हे? खोली द्यायची नसेल तर नाही म्हण! माणसासारखं तोंडावर नाही म्हण!"

शेठ खाली बसून वडीचे तुकडे गोळा करत होता. केळीवाला म्हणाला, "सांग आता. डोंगर आला."

शेठ वर न बघता म्हणाला, "खोली दिलीय अप्पानं. महिना झाला."

"मग?"

"मी त्यांना सांगितलंय, तू लिंगायत हाईस. आपल्यातलाच. लोह्याकडचा. तुझं आडनाव चालून जातंय." मग घाईघाईनं, "अप्पा म्हणला, एकदा जेवाया आण, बघू दे माणूस कसा हाय. म्हणून ही सगळी तालीम, यार. एकदा जेवलास की झालं. वैनी आल्या की त्यांना बी जरा शिकवू. आडाला पाणी हाय. दवाखाना हाय. अजून काय पायजे?"

तुम्हाला खरं सांगू? मला आधी आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. ताट धुणं, उपास, मटण, या सगळ्याचा मी लावलेला अर्थ खोटा निघाला होता. त्याला माझ्या ताटाची किळस नव्हती. उलट तो मला आपल्यासारखं खायला शिकवत होता. मग मागोमाग राग आला. म्हणजे मी आहे तसा चालत नाही, हे त्यानं बापाला न विचारताच धरून चाललं होतं. मी त्याला म्हटलं, "तू अप्पाला खरं सांगून बघितलंस का?" तो म्हणाला, "येडा हाईस का? नाही म्हणला असता." केळीवाला म्हणाला, "मी याला हजारदा सांगितलं." आणि फोटोवाला म्हणाला, "काढायचा का नाही?"

नाही काढला. मी कपाळ पुसलं, दरीकडं तोंड करून बराच वेळ बसलो. मग उठलो आणि म्हटलं, "शिकव. काय काय विचारतील?"

हो. मी तयार झालो. बाणा-बिणा सगळा माहूरच्या कट्ट्यावर ठेवला. पहिलं लेकरू डोळ्यापुढं होतं, आणि आडातलं पाणी.

परतीची सगळी वाट मग शाळा झाली. केळीवाला जीप चालवत अप्पा व्हायचा, जाड आवाज काढून विचारायचा, "मठ कुठला तुमचा?" मी सांगायचो. "गळ्यात लिंग का न्हाई?" "दोरा तुटला अप्पा, घरी ठेवलंय." अप्पा मूळचे उदगीरकडचे, घरात कानडी शब्द येतात, म्हणून शेठनं मला शिकवलं की ते 'बर्री बर्री' म्हणाले की या म्हणत्यात असं समजायचं आणि 'शरणार्थ' म्हणून हात जोडायचे. ढाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली आणि मी ताट धुऊन पिलं. पहिल्यांदा घशाखाली जाईना. दुसऱ्यांदा गेलं. केळीवाल्यानं टाळ्या वाजवल्या, "पास! पास!" आम्ही तिघं हसलो. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसलो.

सोमवारी दुपारी शेठच्या घरी गेलो. केळीवाला काहीतरी कारण सांगून सटकला, त्याला पोटात हसू मावत नाही. अप्पा दारात उभे. उंच, वाळलेले, स्वच्छ धोतर, कपाळाला इभूत. "बर्री, बर्री," म्हणाले. मी शरणार्थ म्हटलं. अंगणात आड दिसला. शेजारणी कळश्या भरून नेत होत्या, अप्पांनी कुणाला अडवलेलं नव्हतं. माडीचा जिना दिसला. मी मनातल्या मनात बायकोला त्या जिन्यावरून चढवून बघितलं, हळूहळू, कठडा धरून.

शेठची आई वाढत होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. अप्पांनी मठ विचारला, मी सांगितला. लिंग विचारलं, मी दोरा तुटल्याचं सांगितलं. शेठ ताटात बघत होता, त्याचे कान लाल झालेले. सगळं सुरळीत चाललं होतं. अप्पा म्हणाले, "दोरा तुटू देऊ नये. बरं असू द्या. घरी अवघडलेल्या हायत म्हणं?"

"हो. सातवा."

"पयलं?"

मी थांबलो. मग सांगितलं, पहिलं राहिलं नाही म्हणून. म्हाताऱ्यानं हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "आता हितं होऊ द्या. काळजी करू नका. लेकरू झालं की आमच्या स्वामींना बोलावतो. लेकराच्या गळ्यात लिंग बांधायचं ते माझ्या मांडीवर बांधू. माझ्या नातवाचं केलं तसं करू. ह्या घरातलंच लेकरू समजा."

एवढा चांगला माणूस. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. माझ्या तोंडात हुग्गी होती आणि ती फिरायला लागली. माझ्या गळ्यातलं खोटं मी वागवलं असतं. मठाचं नाव, तुटलेला दोरा, ताटाचं पाणी, सगळं वागवलं असतं, वर्षभर, दोन वर्षं. पण ज्यानं अजून डोळे उघडले नाहीत त्याच्या गळ्यात पहिल्याच आठवड्यात माझं खोटं बांधायचं, आणि तेही या माणसाच्या मांडीवर? आमच्या वडिलांची ती टोपली मला दिसली. मी घास गिळला.

"अप्पा, आम्ही लिंगायत नाही. आम्ही बौद्ध आहोत."

शेठच्या आईनं पळी परत भांड्यात ठेवली. अप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही, पोराकडं बघितलं. "ह्यो म्हणला ते?"

"खोटं म्हणलो, अप्पा," शेठ म्हणाला.

माझ्या ताटात अर्धी हुग्गी तशीच. खावी का उठावं ते कळेना. अप्पा म्हणाले, "खाऊन घ्या. ताटात टाकू नये." मी खाल्ली. काय चव होती देव जाणे, म्हणजे कोण जाणे. अप्पांनी आपल्या ताटात पाणी घातलं, सावकाश बोट फिरवलं, पिले. मग म्हणाले, "खोली देता येणार न्हाई."

"जातीमुळं?" मी विचारलं.

"न्हाई. तुमी दोघं मिळून माझ्या घरात खोटं घेऊन जेवाया बसले, त्यामुळं."

"आणि आधीच खरं सांगून विचारलं असतं तर?"

अप्पांनी हात धुतला, उपरण्याला पुसला. "तसं मला कुणी इचारलंच न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले.

शेठ कोपऱ्यापर्यंत माझ्यामागं आला. त्याचे डोळे भरलेले. मला म्हणाला, "दिली असती का रे अप्पानं?"

"बाप तुझा आणि विचारतो मला?"

"मला खरंच म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

मला त्याचा एवढा राग आला, की तेवढा आधीच्या सहा घरमालकांचा मिळून आला नव्हता. त्यांनी मला नाही म्हटलं होतं, ते मला माहीत तरी होतं. याच्या अप्पांचं मला आजपर्यंत कळलेलं नाही. कधी वाटतं, म्हातारा खरा होता. कधी वाटतं, जात म्हणायची नाही म्हणून खोट्यावर बोट ठेवलं. माझ्यासारख्या संशयी माणसाला दोन्ही रोज पटतं.

पुढच्या रविवारी बायकोकडं गेलो. तिला सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर थोडं रंगवूनच सांगितलं, मी कसा बोललो, घास गिळून कसा बोललो. ती कळश्या विसळत होती, म्हणजे वाळूनं घासत होती. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "मला एकदा इचारायचं हुतं."

"काय?"

"लेकराला दोरा बांधू का म्हणून. बांधू दिला असता मी. एक न्हाई, धा बांधू दिले असते. आपण कोण हाव ते मला बी कळतंय. पण पयलं माझ्या मांडीवर गेलं, तुमच्या न्हाई. तुमी तवा हपिसात हुते."

मी म्हटलं, "अगं पण..." तेवढ्यात टँकर आला. ती कळशी घेऊन उठली, मी घ्यायला हात पुढं केला, तिनं दिली नाही.

दोन महिन्यांनी मुलगी झाली, त्याच घरात, त्याच सुईणीच्या हातानं, आणि जगली. ती जगली म्हणून मला ही गोष्ट चारचौघांत सांगता येते. लोक म्हणतात, वा, भरल्या ताटावर खरं बोललात, छाती पाहिजे. बायको तिथंच बसलेली असते. ती उठून रिकामे कप गोळा करते.